पडद्यावरची भांडणं: लक्षात राहणारे वादाचे प्रसंग नेमके कशामुळे जमतात?

चौकट

गाजलेल्या भांडणांच्या याद्या निघतात तेव्हा त्यात फक्त संवाद येतात. कोण काय म्हणालं, शिट्ट्या कुठे पडल्या. पण तेच संवाद दुसऱ्याच्या हाती दिले तर प्रसंग पडूही शकतो, आणि शब्द अगदी साधे असूनही एखादी खडाजंगी वर्षानुवर्षं डोळ्यांपुढून हलत नाही. म्हणून या धाग्यात कारागिरीबद्दल लिहूया. माणसं कुठे बसली होती, कॅमेरा किती उंचीवर होता, आवाज कसा घेतला, कात्री कुठे लागली. माझं मत आधीच सांगतो: वादाच्या प्रसंगाचं निम्म्याहून जास्त काम ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर होतं. त्याला जागा ठेवली नाही तर चांगले संवादही वाया जातात.

सुरुवात सिडनी ल्युमेटच्या '१२ अँग्री मेन'पासून (१९५७). त्याचा हा पहिलाच चित्रपट. ९६ मिनिटं, आणि त्यातला जवळजवळ सगळा वेळ ज्युरीच्या, म्हणजे खुनाच्या खटल्याचा कौल ठरवणाऱ्या बारा सामान्य माणसांच्या, एका खोलीत. ल्युमेट आणि छायालेखक बोरिस कॉफमन यांनी चित्रपटाचे तीन भाग पाडले. पहिल्या भागात कॅमेरा डोळ्यांच्या पातळीच्या वर, दुसऱ्यात डोळ्यांच्या रेषेत, तिसऱ्यात खाली. कॅमेरा खाली गेला की छत दिसायला लागतं आणि खोलीला झाकण बसल्यासारखं वाटतं. त्याच जोडीला भिंगंही बदलत गेली: सुरुवातीला २८ ते ४० मिमी, मग ५०, ७५, शेवटाकडे १०० मिमी (आकडा जितका मोठा तितकं भिंग लांब). लांब भिंगाने मागची भिंत चेहऱ्याला येऊन चिकटते. खोली तेवढीच असते, तरी प्रेक्षकाला ती आवळत गेल्यासारखी वाटते. अगदी शेवटी सगळे बाहेर पडतात तिथे परत रुंद भिंग येतं आणि आपण श्वास सोडतो.

आता मुद्द्याचं. दहा क्रमांकाचा ज्युरर झोपडपट्टीतल्या लोकांबद्दल विष ओकायला लागतो, तेव्हा त्याला कोणी उत्तर देत नाही. एकेक जण टेबलावरून उठतो आणि पाठ फिरवून उभा राहतो. त्याचा आवाज चढलेला असतो, पण समोर तोंडंच उरलेली नाहीत, म्हणून बोलता बोलता तो आपोआप खचतो. एवढं मोठं भांडण ऐकणाऱ्यांनी जिंकलं, तेही न बोलता.

नेपथ्य

चौकट, सहमत. याच चित्रपटातली एक गोष्ट नव्याने काम करणाऱ्यांना फार उपयोगी आहे. पैसा आणि दिवस कमी होते, चित्रीकरण वीस दिवसांच्या आत उरकलं. प्रत्येक कोनासाठी प्रकाशयोजना बदलत बसणं परवडणारं नव्हतं. म्हणून एका खुर्चीच्या बाजूने दिवे लावले की त्या खुर्चीवरचे चित्रपटभरातले सगळे शॉट एकदम घ्यायचे, मग पुढची खुर्ची. परिणाम असा की हेन्री फोंडा आणि ली जे. कॉब या दोन प्रमुख नटांच्या एकाच वादातली फोंडाची बाजू आणि कॉबची बाजू यांच्यात सात-आठ दिवसांचं अंतर पडलं.

हे निभावलं ते आधीच्या दोन आठवड्यांच्या तालमींमुळे. कुठल्या वाक्याला पारा किती चढलेला आहे हे सगळ्यांच्या अंगात भिनलं होतं. तालीम न करता खुर्चीवार चित्रीकरण केलं तर संकलनाच्या टेबलावर कळतं की एक माणूस सातव्या पायरीवर ओरडतो आहे आणि दुसरा अजून तिसरीवरच आहे. ते मग कात्रीने दुरुस्त होत नाही.

सोपा उपाय: संहितेच्या समासात प्रत्येक वाक्यापुढे १ ते १० असा तापमानाचा आकडा लिहायचा. दिग्दर्शक, नट आणि कंटिन्युइटी (एक शॉट दुसऱ्याशी जुळतो का ते) पाहणारी व्यक्ती, तिघांकडे तीच प्रत. टेक सुरू होण्याआधी संवादाऐवजी तो आकडा सांगायचा.

तिसरी घंटा

'एक रुका हुआ फैसला' (१९८६, बासू चॅटर्जी) लगोलग पाहावा. पंकज कपूरचा तीन क्रमांकाचा ज्युरर आणि के. के. रैनाचा आठवा. कथा तीच, पण वाद आपल्या वळणाचा. मूळ चित्रपटात माणसं एकमेकांना बऱ्याच अंशी बोलू देतात, इथे मध्येच तोडतात, हात नाचवतात, टेबलावर वाकून दुसऱ्याच्या तोंडासमोर येतात.

एक माहिती म्हणून: त्या साली आपल्याकडे ज्युरी उरलीच नव्हती. १९५९ च्या नानावटी खून खटल्यात मुंबईच्या ज्युरीने ८ विरुद्ध १ असा निर्दोषत्वाचा कौल दिला, उच्च न्यायालयाने तो बाजूला सारला, आणि त्यानंतर ती पद्धत मागे पडत संपली. म्हणजे चित्रपटाचा कायदेशीर पाया कल्पित आहे, तरीही प्रेक्षकाला ते खटकत नाही. बारा माणसं एका खोलीत अडकलीत आणि एकमत झाल्याशिवाय सुटका नाही, एवढंच भांडणाला पुरतं. दार बंद असणं ही वादाच्या प्रसंगाची पहिली गरज. पात्राला उठून जाता येत असेल आणि तरी ते जात नसेल, तर का जात नाही याचं कारण प्रसंगात दिसलं पाहिजे.

कातरकाम

संकलनाच्या बाजूने थोडं.

नवखा संकलक भांडण कापतो ते पिंगपाँगसारखं: बोलणाऱ्यावर कट, दुसरा बोलला की त्याच्यावर कट. दहा वाक्यांत दहा कट. कान आणि डोळे एकाच क्षणी उडी मारत राहतात आणि प्रेक्षक दोन मिनिटांत थकतो. त्याऐवजी आवाज आणि चित्र वेगवेगळ्या ठिकाणी कापा. समोरच्याचा आवाज आधी सुरू होऊ द्या, चित्र मागून येऊ द्या, म्हणजे जे कट. किंवा बोलणाऱ्याचं वाक्य चालू असतानाच ऐकणाऱ्यावर जा, म्हणजे एल कट. सहा ते आठ फ्रेमचा फरकही पुरतो. चोवीस फ्रेमला एक सेकंद धरला तर हा पाव ते एक तृतीयांश सेकंद झाला. पण टोचणारा शब्द वाक्यात नेमका कुठे आहे ते शोधा आणि तो शब्द ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरच पडू द्या. 'तू तुझ्या आईसारखीच आहेस' या वाक्यात 'आई' कानावर पडते तेव्हा पडद्यावर तिचा चेहरा हवा. वाक्य संपल्यावर तिच्यावर गेलात तर तिचा धक्का आधीच होऊन गेलेला असतो, आपल्याला फक्त सावरलेला चेहरा मिळतो.

दुसरं, क्लोजअप राखून ठेवा. पहिल्या अर्ध्या मिनिटात दोघांचे मोठे चेहरे वापरले तर कळसाला काही उरत नाही. तीन मिनिटांच्या प्रसंगात निम्मा वेळ टू-शॉट (दोघंही एकाच चौकटीत) आणि खांद्यावरून घेतलेले शॉट चालतात. प्रकरण अंगाशी येतं तिथे पहिला निव्वळ चेहरा.

तिसरं, श्वास कापू नका. वेग वाढवायच्या नादात दोन वाक्यांमधले श्वास काढले जातात आणि माणसं यंत्रासारखी बोलायला लागतात. वेग हवा असेल तर आवाज एकमेकांवर चढवा, श्वास राहू द्या.

बूमधारी

कातरकाम यांनी 'आवाज एकमेकांवर चढवा' म्हटलं, ते करता येण्यासाठी सेटवर काय करावं लागतं ते लिहितो. भांडणाचे प्रसंग सर्वाधिक इथेच फसतात.

क्लोजअप घेताना कॅमेऱ्यात नसलेला नट मध्येच बोलला की त्याचा दूरचा, पोकळ आवाज समोरच्याच्या स्वच्छ आवाजात मिसळतो. मग ती दोन वाक्यं कायमची चिकटली. म्हणून एकेरी क्लोजअपमध्ये वाक्य संपल्यावर इवलीशी फट ठेवायची आणि चढाओढ संकलनात तयार करायची. अडचण अशी की फट ठेवली की नटाचा जोर ओसरतो. दुसरा मार्ग: दोन कॅमेरे, दोघांचे क्लोजअप एकाच वेळी, दोघांवर वेगवेगळे माईक. मग हवं तितकं एकमेकांच्या अंगावर बोलू द्या. यात प्रकाशयोजनेत तडजोड करावी लागते आणि बूम (लांब काठीवरचा माईक) कुठून आत आणायचा हा प्रश्न उरतो, पण भांडण खरं मिळतं.

पातळीचं गणित: रेकॉर्डरच्या मीटरवर शून्याच्या वर आवाज फाटतो. साधं बोलणं उणे २० ते उणे १२ डेसिबलच्या दरम्यान ठेवलं तर किंचाळणं वर जाऊन फाटतं. तोच माईक दोन ट्रॅकवर घ्या, दुसरा १० ते १२ डेसिबल खाली. कुजबूज पहिल्यातून, आरडाओरडा दुसऱ्यातून. ३२ बिट फ्लोट रेकॉर्डर (फार मोठ्या आवाजालाही जागा ठेवणारा) असेल तर रेकॉर्डरमध्ये आवाज फाटत नाही, पण माईक किंवा वायरलेस ट्रान्समीटर आधीच फाटला असेल तर तो वाचवता येत नाही, हे विसरलं जातं. तालमीत नटाला एकदा पूर्ण ताकदीने ओरडायला लावून पातळी लावा. तालमीत नट नेहमी हात राखून बोलतात.

लॅपल माईक (कपड्यावर लावायचा छोटा माईक) छातीच्या मधोमध असेल आणि पात्र छातीवर हात मारणार असेल तर तो टेक गेला समजा. माईक कॉलरकडे सरकवा किंवा त्या टेकसाठी बूमवर विसंबा.

आणि एक जुना हिशोब. १९७० च्या दशकातल्या बहुतेक हिंदी-मराठी चित्रपटांत संवाद नंतर स्टुडिओत डब होत. डबिंगमध्ये एका वेळी एक तुकडा, बरेचदा एकटा नट. तिथे एकमेकांचं वाक्य तोडत बोलणं जमवणं महाकठीण. म्हणून त्या काळातले वाद पाळीपाळीने चालतात: एकाचं पूर्ण भाषण, मग दुसऱ्याचं पूर्ण उत्तर. त्यामागे नाटकाची सवय आहेच, पण तांत्रिक कारणही आहे. 'लगान'नंतर (२००१) जागेवर ध्वनिमुद्रण हळूहळू रुळलं आणि संवादांची ठेवणही बदलली.

तिसरी घंटा

बूमधारी, पाळीपाळीच्या वादाचं सोनंही झालेलं आहे. 'दीवार' (१९७५). पुलाखालचा प्रसंग. सलीम-जावेद यांनी विजयला मालमत्तेची लांबलचक यादी दिली आणि रवीला चार शब्दांचं उत्तर. यादीतला प्रत्येक जिन्नस उत्तराचं वजन वाढवतो. यादी अर्धी केली असती तर ते चार शब्द एवढे जड पडले नसते. जागाही बघा: लहानपणी हे दोघे याच पुलाखाली झोपत. त्यामुळे भूतकाळ कुणाला बोलून दाखवावा लागत नाही. आणि शशी कपूर ते उत्तर खालच्या पट्टीत देतो. समोरचा चढला की आपण उतरायचं.

चौकट

याच्या अगदी उलट टोक म्हणजे नोआ बॉमबाखचा 'मॅरेज स्टोरी' (२०१९). मोकळ्या भिंतींच्या फ्लॅटमधलं नवरा-बायकोचं ते भांडण पाहून वाटतं नटांनी ते आयत्या वेळी उत्स्फूर्त केलं असेल. तसं नाही. कोण कुणाचं वाक्य कुठल्या शब्दावर तोडणार हे संहितेतच लिहिलेलं होतं, आणि प्रसंगाला दोन दिवस दिले होते. भांडणाचा आलेख बघा: समेटाच्या सुरात सुरुवात, मग मुलाच्या शाळेचा आणि वकिलांचा मुद्दा, मग जुनी उणीदुणी, मग परत घेता येणार नाही असं एक वाक्य. त्याच्यानंतर तो गुडघ्यांवर कोसळतो आणि ती जवळ येऊन हात ठेवते. हा शेवटचा स्पर्श काढला तर उरतो नुसता आरडाओरडा.

माळावरची

मराठीतलं कुणीच काढलं नाही अजून! 'सामना' (१९७४). विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, निळू फुले आणि डॉ. श्रीराम लागू.

वाद कसा लिहावा याचा हा वस्तुपाठ आहे, कारण यात वरवर भांडण नाहीच. साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील एका दारुड्या, जुन्या गांधीवादी मास्तरला आसरा देतो, खाऊपिऊ घालतो. आणि मास्तर एकच प्रश्न धरून बसतो: मारुती कांबळेचं काय झालं? प्रश्नात आरोप नाही, विशेषण नाही, आवाज चढलेला नाही. उत्तर मिळेपर्यंत तो परत येतो. प्रत्येक वेळी हिंदुराव वेगळ्या तऱ्हेने टाळतो, कधी हसून, कधी विषय बदलून, कधी दरडावून. प्रश्न तोच आणि टाळायची तऱ्हा दरवेळी वेगळी, यातून माणूस उघडा पडत जातो. लिहिणाऱ्यांनी हे करून पाहावं: एका पात्राला अख्ख्या प्रसंगात एकच वाक्य द्या, दुसऱ्याला पाच वेगळी उत्तरं.

'उंबरठा' (१९८२) मधला शेवटाकडचा नवरा-बायकोचा प्रसंगही याच जातीचा. स्मिता पाटील आणि गिरीश कर्नाड. दुसऱ्या बाईबद्दल तो समंजस सुरात सांगतो, आणि त्या समंजसपणामुळेच ते ऐकवत नाही. तिथे ताटं आपटली असती तर सगळंच स्वस्त झालं असतं.

नेपथ्य

माळावरची, छान आठवण. मग चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' (२०१४) पण घ्यायला हवा. सत्र न्यायालय, दोन वकील, म्हणजे वादाचीच जागा. आणि कॅमेरा बहुतेक वेळ दूर, स्थिर, रुंद चौकटीत. सरकारी वकील कायद्याची कलमं एका सुरात वाचत जाते, न्यायाधीश मध्ये थांबवून टंकलेखनासाठी सारांश सांगतात, मग पुढचं वाक्य. युक्तिवाद तापायच्या आत गार होतो. स्लीव्हलेस घालून आलेल्या बाईचं प्रकरण पुढे ढकललं जातं, तेही त्याच कोऱ्या चौकटीत. तिथे एक जरी क्लोजअप घातला असता तर आपण कुणाची तरी बाजू घेऊन मोकळे झालो असतो.

यासाठी खर्च कमी येतो असा गैरसमज नको. स्थिर रुंद शॉटमध्ये मागच्या बाकावरचा प्रत्येक माणूस दिसतो. एकाने चुकीच्या वेळी कॅमेऱ्याकडे पाहिलं की पूर्ण टेक बाद, कारण कापून जायला दुसरा शॉटच नाही.

कातरकाम

दूरच्या चौकटीवरून असगर फरहादीचा 'अ सेपरेशन' (२०११) आठवतो, बर्लिनचं गोल्डन बेअर आणि पुढे ऑस्कर मिळालेला. पहिलाच प्रसंग: नवरा-बायको शेजारी शेजारी बसून थेट भिंगाकडे बघत घटस्फोटाचा वाद मांडतात. न्यायाधीश दिसत नाही, फक्त आवाज. न कापता सलग. कॅमेरा न्यायाधीशाच्या जागी असल्यामुळे निवाडा प्रेक्षकाच्या गळ्यात पडतो. ती म्हणते, वडिलांना तू मुलगा आहेस हेही कळत नाही. तो म्हणतो, पण ते माझे वडील आहेत हे मला कळतं ना. दोघंही बरोबर. एक जण सरळ चुकीचा असेल तर तो वाद फार काळ लक्षात राहत नाही.

शेजारी बसवण्याचा फायदा असा की एक बोलत असताना दुसऱ्याचं ऐकणं आपोआप चौकटीतच असतं.

नवी पाटी

सगळे प्रतिसाद वाचले. प्रश्न प्रत्यक्षातला आहे. १० बाय १२ फुटांची खोली, एक कॅमेरा, भाऊ-बहिणीचं घराच्या वाटणीवरून भांडण, संहिता तीन पानं, एक दिवस हातात. क्रम कसा लावावा? शेवटी काचेचा पेला फोडायचा आहे.

नेपथ्य

तीन पानं म्हणजे साधारण तीन मिनिटं. एका दिवसात बसतं, पण कोन सहाच्या वर जाऊ देऊ नका.

सकाळी पहिला तास कॅमेरा बाहेरच काढू नका. दोघांना खोलीत चालवा, उभं राहायच्या जागी जमिनीवर रंगीत पट्टीच्या खुणा करा. हाताला काम द्या, बहीण कपड्यांच्या घड्या घालते आहे असं काही. रिकामे हात वादात नाचायला लागतात. मात्र कुठल्या शब्दाला कुठला कपडा हातात होता ते लिहून ठेवा, नाहीतर संकलनात घड्या उलगडतील. चहाचे पेले टाळाच, प्रत्येक टेकला चहाची पातळी जुळवणं म्हणजे डोकेदुखी.

दोघांमधली काल्पनिक रेषा ठरवा आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवा. बाजू बदलायची असेल तर पात्राला शॉटमध्येच चालत पलीकडे जाऊ द्या. वाटणीचा विषय निघतो तिथे हे केलंत तर अर्थही येतो.

क्रम असा: आधी रुंद शॉट, संपूर्ण प्रसंग, दोन टेक. मग जिचा कळस आहे तिचा क्लोजअप, घसा ताजा असताना. पूर्ण ताकदीचे चार-पाच टेक झाले की आवाज बसायला लागतो. मग भावाची बाजू. तेव्हा बहिणीने भिंगाला अगदी लागून उभं राहायचं, म्हणजे नजरेची रेषा घट्ट येते, आणि बोलायचं अर्ध्या आवाजात पण खऱ्या तळमळीने. दोन्ही क्लोजअपना भिंग, अंतर आणि उंची सारखी ठेवा. ज्याचं पारडं जड दाखवायचं त्याच्यासाठी कॅमेरा अर्धा फूट खाली घेतला तरी पुरतो, त्याहून जास्त केलंत तर ते डोळ्यांवर येतं. एवढ्या खोलीत ३५ आणि ५० मिमी पुरेत, ८५ ला मागे सरकायला जागा उरणार नाही. दार उघडून कॅमेरा बाहेरच्या बोळात ठेवता आला तर एखादा लांब भिंगाचा शॉट मिळेल.

बूमधारी

पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज बंद करताना गाडीची किल्ली त्यात ठेवा, म्हणजे पुन्हा चालू केल्याशिवाय कुणी घरी जाणार नाही. दोन उघड्या भिंतींवर, चौकटीबाहेर, जाड गोधड्या टांगा. लहान खोलीत लांब शॉटगन माईक भिंतींचा घुमारा उचलतो, हायपरकार्डिऑइड (मुख्यतः समोरचाच आवाज घेणारा आखूड माईक) असेल तर तो बूमवर लावा. पंखा बंद म्हणजे घाम, तो प्रसंगाला चालत असेल तर पहिल्या शॉटपासून सारखा ठेवा.

माळावरची

पेल्याबद्दल: खरी काच नको. साखरेची काच घरी करतात, पण साखर हवेतलं पाणी ओढते, पावसाळ्यात किंवा किनारपट्टीवर ती तासाभरात चिकट होते. राळेचे तयार पेले मिळतात. जितके टेक धरले असतील त्याहून दोन जास्त आणा. त्यांचेही तुकडे ओरखडतात, म्हणून फेकायची दिशा माणसापासून दूर, पायात चप्पल, आणि हा शॉट सगळ्यात शेवटी.

समोरच्या नटाला न सांगता फोडण्याचा मोह टाळा. 'क्रेमर व्हर्सेस क्रेमर' (१९७९) मध्ये डस्टिन हॉफमनने भिंतीवर वाइनचा पेला फोडला, कॅमेरामनला सांगून पण मेरिल स्ट्रीपला न सांगता. तिचं दचकणं खरं आहे, आणि काचेचे तुकडे तिच्या केसांत गेले हेही खरं. असं दचकणं एकाच टेकमध्ये मिळतं, आणि नंतर दिवसभर तो नट सावध राहतो. त्यापेक्षा पेला फुटेल हे सांगा, नेमका कुठल्या वाक्याला ते मात्र दोघांनी मिळून ठरवा.

कातरकाम

नवी पाटी, एक विनंती. भाऊ बोलत असताना बहिणीचा ऐकण्याचा एक संपूर्ण टेक घ्या, तिची वाक्यं वगळून, सुरुवातीपासून पेला फुटेपर्यंत. कॅमेरा मध्ये थांबवू नका. तसाच भावाचाही एक. या दोन टेकना मिळून वीस मिनिटं लागतील आणि टेबलावर सगळ्यात जास्त उपयोग त्यांचाच होईल.

बूमधारी

आणि पेला फुटल्यावर कुणाला हलू देऊ नका. खोलीत जेवढी माणसं आहेत तेवढी तशीच उभी ठेवून एक मिनिट नुसत्या खोलीचा आवाज घ्या. माणसं कमी झाली की खोलीचा आवाज बदलतो. भांडणानंतरची शांतता याच मिनिटातून भरायची असते.

नवी पाटी

ऐकण्याचे टेक आणि खोलीचा आवाज, दोन्ही वेळापत्रकात लिहिले. साखरेची काच रद्द, राळेचे सहा पेले आणणार.